कोणाचाच कोणावर विश्वास नाही: जुना कॅसिनो फासा कसा वाचायचा

अँटिक वस्तूंच्या दुकानात गल्ल्याजवळ बहुतेक वेळा एक बरणी असते. सुटी बटणं, कुलपं हरवलेल्या किल्ल्या, चलनातून गेलेली नाणी, जोडीदार गमावलेलं एखादं कफलिंक, असा सगळा गाळ तिच्यात साचतो. त्या गाळातून कधीतरी एक लाल, आरपार दिसणारा ठोकळा वर येतो. उचलला की दोन गोष्टी लगेच जाणवतात. सापशिडीच्या फाशापेक्षा हा बराच मोठा आहे, आणि याच्या कडा बोटाला टोचतात. उजेडात धरून फिरवला तर एका बाजूवर ठिपक्यांच्या मधे बारीक अक्षरं दिसतात: कुठल्याशा हॉटेलचं नाव, आणि शेजारी चार-पाच आकडे.

दुकानदाराच्या लेखी तो बरणीतला एक जुना फासा असतो. वाचता येणाऱ्याला त्यावर बरंच काही लिहिलेलं दिसतं, आणि ते जवळपास सगळं एकाच कारणासाठी लिहिलेलं असतं. कॅसिनोचा खेळणाऱ्यावर विश्वास नाही, खेळणाऱ्याचा कॅसिनोवर नाही, आणि सरकारचा दोघांवरही नाही. फाशावरची एकेक खूण या तिहेरी संशयातून आलेली आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवली की जुने कॅसिनो फासे जमवणारे लोक भिंग लावून नेमकं काय शोधत असतात, ते कळायला लागतं.

४९५ मधले ७

आधी साध्या फाशाचं काय चुकतं ते पाहू. त्याचे ठिपके म्हणजे खड्डे असतात. सहाच्या बाजूवर सहा खड्डे, तिच्या समोरच्या एकच्या बाजूवर एकच. म्हणजे सहाची बाजू किंचित हलकी झाली, आणि हलकी बाजू वर राहण्याकडे फाशाचा कल असतो. किती? ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी १८९४ मध्ये हे मोजलेलं आहे. बारा फासे एकदम टाकायचे आणि पाच किंवा सहा किती फाशांवर आलं ते लिहायचं, असं २६,३०६ वेळा. एकूण ३,१५,६७२ दानं झाली. फासे निर्दोष असते तर पाच-सहा १,०५,२२४ वेळा यायला हवे होते. आले १,०६,६०२ वेळा. फरक १,३७८ चा. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये, असा फरक निव्वळ योगायोगाचा आहे की नाही ते ठरवणारी, आपली प्रसिद्ध काय-वर्ग चाचणी मांडली तेव्हा हेच आकडे उदाहरणादाखल घेतले. इतक्या चिकाटीने फासे टाकणाऱ्या माणसाच्या घरच्यांचं मला नेहमी कौतुक वाटतं.

घरच्या खेळात हा फरक कोणाच्या गावीही नसतो. कॅसिनोत मात्र तो परवडत नाही, आणि याचं कारण क्रॅप्स या खेळाच्या गणितात आहे. क्रॅप्स दोन फाशांनी खेळतात. पहिल्या दानाला ७ किंवा ११ आले तर फासे टाकणारा जिंकला. २, ३ किंवा १२ आले तर हरला. बाकी कुठलीही बेरीज आली तर ती त्याचं लक्ष्य ठरते, आणि ७ पडायच्या आत तीच बेरीज पुन्हा आणली तर तो जिंकतो. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी ६ जोड्यांची बेरीज ७ येते, त्यामुळे सगळा खेळ सातभोवती फिरतो. गणित मांडलं तर दर ४९५ डावांमागे सरासरी २४४ डाव खेळणाऱ्याचे आणि २५१ कॅसिनोचे. फरक फक्त सातचा, म्हणजे १.४१ टक्के. झगमगाट, कारंजी, गालिचे, क्रॅप्सच्या टेबलापुरता हा सगळा डोलारा ४९५ मधल्या ७ डावांवर उभा आहे. फासा एवढासा जरी वाकडा झाला तरी ते सात डाव इकडचे तिकडे होतात.

म्हणून कॅसिनोचा फासा वेगळ्या पद्धतीने बनवतात. सेल्युलोजपासून केलेल्या प्लास्टिकचा ठोकळा कापून घासतात आणि त्याची बाजू साधारण पाऊण इंचाची, म्हणजे १९ मिलिमीटरची ठेवतात. त्यातली तफावत इंचाच्या दहा हजाराव्या भागांत मोजली जाते. माणसाच्या केसाची जाडी या मापाने तीसच्या आसपास भरते, यावरून काटेकोरपणा लक्षात यावा. ठिपके कोरल्यावर जेवढ्या वजनाचं प्लास्टिक निघालं तेवढ्याच वजनाचा रंगीत लगदा त्या खड्ड्यांत भरतात आणि पृष्ठभाग सपाट करतात. अशा फाशावरून बोट फिरवलं तर ठिपका लागत नाही. दुकानात करायची पहिली परीक्षा हीच. डोळे मिटून बोट फिरवा. खड्डे लागले आणि कोपरे गोल असले तर तो घरगुती खेळातला फासा, मग तो कितीही जुना असो.

एकेक खूण, एकेक संशय

आता फासा हातात घेऊन सावकाश वाचू.

तो पारदर्शक का? आत काही लपवता येऊ नये म्हणून. कडा धारदार का? गोल कडेचा फासा घरंगळतो आणि त्याचा गोलावा सगळीकडे सारखा आहे की नाही हे डोळ्याने कळत नाही. तीक्ष्ण कड झिजली, तासली किंवा कोणी घासली तर लगेच दिसते. संग्राहक या कडांना रेझर एज म्हणतात, आणि ती कड शाबूत असलेला फासा म्हणजे कमी वापरलेला फासा.

नाव आणि आकडे का? शूटरने, म्हणजे फासे टाकणाऱ्याने, बाहेरून आणलेला फासा हातचलाखीने टेबलावर सरकवू नये म्हणून. क्रॅप्सच्या टेबलावर एका संचात बहुधा पाच फासे असतात आणि पाचांवर एकच सिरियल नंबर असतो. वाकड्या काठीने फासे सरकवणारा स्टिकमन पाचही फासे शूटरपुढे ठेवतो, शूटर त्यांतले दोन निवडतो, उरलेले वाडग्यात जातात. एखादा फासा टेबलाखाली पडला तर खेळ थांबतो आणि तो उचलून, नंबर पाहूनच परत येतो. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, इथे दर दानाला ताक फुंकणं चालू असतं. काही फाशांत याहूनही बारीक खूण असते: एखाद्या ठिपक्याच्या पाठीमागच्या अंगाला एक अक्षर दडवलेलं असतं, ते समोरच्या बाजूने आरपार पाहिल्यावरच दिसतं. नाव आणि नंबर नकली फाशावर उठवता येतात, हे अक्षर कुठे आहे ते बाहेरच्याला ठाऊक नसतं. पारदर्शक फासा हातात आला की सहाही बाजूंनी आत डोकावायची सवय यासाठी लावून घ्यावी.

एवढं करूनही संशय मिटत नाही. फासे टेबलाच्या पलीकडच्या भिंतीवर आदळलेच पाहिजेत, आणि त्या भिंतीवर रबराचे छोटे पिरॅमिड लावलेले असतात, म्हणजे हाताच्या कसबाला वाव राहत नाही. आणि काही तासांच्या, फार तर एखाद्या दिवसाच्या खेळानंतर तो संच कायमचा बाद करतात. बाद करताना फाशावर ओरखडा मारतात, शिक्का ठोकतात किंवा सरळ आरपार भोक पाडतात. हेतू हा की तो परत टेबलावर येऊ नये.

नव्या संग्राहकाला ही बाद झाल्याची खूण म्हणजे डाग वाटतो आणि तो कोरा फासा शोधत फिरतो. माझं मत उलटं आहे. ओरखडा असलेला फासा टेबलावर खेळून आला, त्याची नोकरी संपली आणि तो रीतसर बाहेर पडला, हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. कोऱ्या फाशाबद्दल मात्र विचारावंच लागतं. तो भेटवस्तूंच्या दुकानासाठी केलेला असेल, कधीच न वापरलेल्या संचातला असेल, किंवा कोणाच्या तरी खिशातून आलेला असेल. कॅसिनो अजून चालू असेल तर शेवटची शक्यता गमतीची नाही.

नावावरून वय

अँटिक हा शब्द दुकानाच्या पाटीवर सढळ हाताने लिहितात. अमेरिकेच्या सीमाशुल्क नियमांत त्याचा अर्थ शंभर वर्षांहून जुनी वस्तू असा आहे. नेवाडा राज्याने जुगाराला कायदेशीर मान्यता दिली १९ मार्च १९३१ रोजी. म्हणजे त्या मान्यतेखाली चाललेल्या कॅसिनोतला कुठलाही फासा २०३१ पर्यंत या अर्थाने अँटिक होऊच शकत नाही. जुने कॅसिनो फासे व्हिंटेज या सदरात मोडतात. त्याहून जुने फासे आहेत, पण ते बेकायदा अड्ड्यांतले, जहाजांवरचे, सलूनमधले. त्यांवर बहुधा नाव नसतं. बेकायदा धंद्याने आपलं नाव कशाला छापावं?

नाव असलेल्या फाशाचं वय काढण्याचा सोपा रस्ता म्हणजे तो कॅसिनो कधी उघडला आणि कधी बंद झाला ते पाहणं. लास वेगासचं या बाबतीत मोठं सहकार्य आहे, कारण ते शहर आपल्या जुन्या इमारती सुरुंग लावून पाडतं आणि तारखा नोंदलेल्या असतात. एल रांचो वेगास १९४१ मध्ये उघडला आणि १९६० मध्ये जळून खाक झाला. ड्यून्स १९५५ ते १९९३. सँड्स १९५२ ते १९९६. स्टारडस्ट १९५८ ते २००६. डेझर्ट इन १९५० ते २०००. रिव्हिएरा १९५५ ते २०१५. फाशावर यांपैकी नाव असेल तर तो निदान बंद होण्याच्या वर्षाइतका जुना, एवढं पक्कं. मात्र स्टारडस्टसारखा कॅसिनो जवळपास अर्धशतक चालला आणि त्या काळात त्याने किती फासे बाद केले असतील याचा अंदाज करा. नाव मोठं म्हणून फासा दुर्मिळ, असं होत नाही. अल्पकाळ चाललेल्या, कोणाला फारसं आठवत नसलेल्या छोट्या कॅसिनोचा फासा पुष्कळदा शोधायला अवघड जातो.

नावात आणखी एक खोच आहे. सहारा १९५२ मध्ये उघडला, २०११ मध्ये बंद झाला, २०१४ मध्ये एसएलएस या नावाने परत आला आणि २०१९ मध्ये पुन्हा सहारा झाला. नुसतं "सहारा" वाचून फासा साठ वर्षांपूर्वीचा की परवाचा, हे ठरत नाही. सँड्सचंही तसंच. वेगासचा सँड्स गेला, पण न्यू जर्सीच्या अटलांटिक सिटीतही सँड्स होता आणि तो २००६ पर्यंत चालला. अटलांटिक सिटीतला पहिला कायदेशीर कॅसिनो २६ मे १९७८ रोजी उघडला, त्यामुळे त्या शहराचं नाव असलेला फासा १९५०च्या दशकातला म्हणून कोणी पुढे केला तर हसून परत ठेवावा. अशा वेळी नावासोबत अक्षरांची ठेवण, शहराचा उल्लेख, नंबर आहे की नाही, आकार केवढा, हे सगळं एकत्र पाहावं लागतं. जुन्या फाशांत पाऊण इंचाहून लहान फासे बरेच सापडतात.

बनवणाऱ्याचं नाव फाशापेक्षा वेष्टणावर मिळतं. पाच फासे कागदात किंवा चकचकीत वर्खात गुंडाळून त्यांची कांडी येते, तिला स्टिक म्हणतात. न उघडलेली जुनी स्टिक सापडली तर ती फोडू नका, मोह कितीही होवो. वेगासमध्ये पॉल-सन ही कंपनी १९६३ मध्ये आणि बड जोन्स १९६५ मध्ये सुरू झाली. २००२ मध्ये या दोघी आणि फ्रान्सची बूर्गोन्य ए ग्रासे अशा तिघी एकत्र आल्या. वेष्टणावरच्या अशा नावांनी काळाची एक बाजू तरी निश्चित होते.

कापराचा वास

संग्राहकाचं खरं शिक्षण इथे होतं, कारण फासा कशाचा आहे यावर तो किती वर्षं टिकणार हे ठरतं.

सर्वांत जुने मिळतात ते हाडाचे आणि हस्तिदंताचे. हाडाच्या फाशावर भिंगातून बारीक काळसर छिद्रं किंवा रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्ररेषांची जाळी दिसते. हस्तिदंत ओळखता येणं छंदापुरतं नाही, कायद्यासाठीही गरजेचं आहे. १९८९ मध्ये आफ्रिकी हत्ती आंतरराष्ट्रीय करारातल्या सर्वांत कडक यादीत गेला आणि २०१६ पासून अमेरिकेतही हस्तिदंताच्या व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना सवलत असली तरी ते सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची.

मग येतं सेल्युलॉइड. १८६०च्या दशकात बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंत महाग पडू लागलं, पर्याय शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं, आणि त्या खटपटीत जॉन वेस्ली हायट यांनी अमेरिकेत सेल्युलॉइडचा धंदा उभा केला. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं हे मिश्रण. होय, आपला नेहमीचा कापूर. सेल्युलॉइडचा जुना फासा अंगठ्याने जोरात चोळून लगेच नाकाशी धरला तर पुष्कळदा कापराचा पुसटसा वास येतो. एरवी ज्या वस्तूचा पत्ता प्रयोगशाळेत लावावा लागला असता, ती आपल्याला नाकाने ओळखता यावी, हे मला फार आवडतं.

पण नायट्रोसेल्युलोज हे बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचं सख्खं भावंड आहे. तापलेली सुई टोचून प्लास्टिक ओळखण्याचा एक सल्ला अजून फिरत असतो. सेल्युलॉइडवर हा प्रयोग करू नका, ते भस्सकन पेटतं.

आणि ते आपोआप मोडतंही. डबीतला कापूर जसा उडून जातो तसाच फाशातलाही हळूहळू उडतो, त्यामुळे फासा आकसतो. नायट्रोसेल्युलोज विघटित होताना नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं, ओलाव्याशी त्यांचं नायट्रिक आम्ल होतं, आणि ते आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवतं. फासा जाड असल्यामुळे हा वायू पोटातून बाहेर पडू शकत नाही. म्हणून सेल्युलॉइडचा फासा आतून मोडायला लागतो. बाहेरून कडा शाबूत, ठिपके जागच्या जागी, आणि आत भेगांचं जाळं, जसा काही बर्फाचा तडकलेला खडा. पुढे एक दिवस खडीसाखरेसारखे तुकडे होतात. संग्राहक याला फासा क्रिस्टलाइझ झाला असं म्हणतात. जादूगार रिकी जे यांनी असे मोडत चाललेले फासे मुद्दाम जमवले होते आणि त्यांचं प्रदर्शन लॉस एंजेलिसच्या म्युझियम ऑफ जुरासिक टेक्नॉलॉजीत मांडलं गेलं. दुकानात असा तडकलेला फासा दिसला तर तो सुंदर दिसतो हे खरं, पण तो काचेचा नाही आणि टिकणारही नाही, हे समजून घ्यावा.

नंतरच्या काळात सेल्युलोज अ‍ॅसिटेट आलं. आजचे कॅसिनो फासे याचेच असतात. ते सहजी पेट घेत नाही, मात्र बिघडायला लागलं की व्हिनेगरचा आंबूस वास सुटतो. तेव्हा नाकाचा हिशेब असा: कापूर आला तर सेल्युलॉइड, व्हिनेगर आला तर बिघडलेलं अ‍ॅसिटेट, आणि चोळल्यावर औषधी, फिनॉलसारखा उग्र दर्प आला तर बेकेलाइट. बेकेलाइट हे १९०७ मध्ये शोधलेलं प्लास्टिक, बहुधा अपारदर्शक आणि टिकाऊ. त्याचे जुने फासे पिवळसर, तपकिरी झालेले मिळतात. ते दिसायला देखणे, पण बहुतेक गोल कोपऱ्यांचे आणि खेळपेटीतले.

वरून कीर्तन, आतून तमाशा

आता ज्यांच्यापायी ही सगळी दक्षता आली, ते लबाड फासे. संग्राहकांचा यांच्यावर विशेष जीव असतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे फासे अमेरिकेत चोरून विकत नसत, त्यांची कॅटलॉग निघत. शिकागोच्या एच. सी. इव्हान्स आणि के. सी. कार्ड या कंपन्या किमतीसह, प्रकारवार असा माल टपालाने धाडत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक पगार फाशांवर उधळू लागले तेव्हा जॉन स्कार्न या जुगारतज्ज्ञाने छावण्यांमधून फिरून त्यांना या युक्त्या दाखवल्या.

सर्वांत बेधडक प्रकार म्हणजे टॉप्स. यात फाशावर तीनच आकडे असतात, प्रत्येक दोनदा, समोरासमोर. एकावर १-३-५, दुसऱ्यावरही १-३-५. दोन विषम मिळून बेरीज नेहमी सम येणार, म्हणजे ७ कधीच पडणार नाही. एकावर १-३-५ आणि दुसऱ्यावर २-४-६ असेल तर उलटं होतं: नऊपैकी तीन जोड्या सातच्या, म्हणजे सहातून एकदा येणारा सात तीनातून एकदा येऊ लागतो. लोकांच्या हे लक्षात कसं येत नाही? कुठल्याही ठोकळ्याच्या एका वेळी तीनच बाजू दिसतात, आणि समोरासमोरच्या दोन बाजू एकदम कधीच दिसत नाहीत. टेबलाभोवती दहा जण उभे असले तरी प्रत्येकाला बरोबर तीन वेगळे आकडे दिसतात. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, त्याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. दुकानात मात्र हे पकडायला एक क्षण पुरतो: समोरासमोरच्या बाजूंची बेरीज प्रत्येक वेळी ७ यायला हवी.

लोडेड म्हणजे एका अंगाला वजन घातलेला फासा. तुम्ही म्हणाल, पारदर्शक फाशात वजन कसं लपवणार? ठिपका तर पारदर्शक नसतो. ठिपक्याच्या लगद्याखाली जड धातू भरला की झालं. हे ओळखायला फासा समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधे अलगद धरायचा. कोपऱ्यांची प्रत्येक जोडी तपासायची. जड बाजू वर आली की फासा बोटांत स्वतःहून वळून ती खाली नेतो. कॅसिनोंकडे याच तत्त्वावरचं यंत्र असतं.

फासा मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहायची युक्ती पुष्कळ ठिकाणी सांगतात. कॅसिनो फाशांवर ती चालत नाही. पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं तरी त्याची घनता १.२ च्या आसपास पोचते, आणि सेल्युलोज अ‍ॅसिटेटची घनता १.३ च्या आसपास असते. फासा प्रामाणिक असो की लबाड, बुडणारच. वर सेल्युलॉइडला ओलावा बाधतो, तेव्हा जुना फासा उगाच भिजवू नये.

फ्लॅट्स म्हणजे एक बाजू तासलेला फासा. त्याच्या बाजू सारख्या राहत नाहीत, तो किंचित विटेसारखा होतो आणि रुंद बाजूवर जास्त बसतो. कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजायच्या साधनाने, तिन्ही दिशांनी माप घेतलं तर कळतं. पण थोडं सांभाळून. सेल्युलॉइड वयाने आकसतं हे वर आलंच, आणि ते सगळीकडून सारखं आकसेल असं नाही. जुन्या फाशात बारीक फरक निघाला की लगेच लबाडीचा शोध लागला म्हणून नाचू नये.

घासाघीस करण्याआधी

दुकानात फासे क्वचितच फासे म्हणून मांडलेले असतात. पोकर चिप्सच्या, म्हणजे जुगारात पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांच्या डब्यात, पत्त्यांच्या जोडांबरोबर, खेळपेट्यांत, कफलिंक आणि टायपिनच्या ट्रेमधे, ॲशट्रे आणि काडेपेट्यांच्या शेजारी पाहा. हॉटेलच्या नावाच्या काडेपेट्या दिसल्या तर तिथे हमखास थांबा. त्या घरातला कोणीतरी वेगासला जाऊन आलेला असतो, आणि एकाच घरातून आलेला माल दुकानात बहुधा एकत्र पडलेला असतो. एक फासा सापडला की त्याच नंबरचा दुसरा शोधा. एकाच नंबरची जोडी एकेकट्या दोन फाशांपेक्षा अधिक मोलाची, पाचांचा पूर्ण संच तर फारच.

बंद न झालेल्या कॅसिनोचे बाद फासे थोडक्या डॉलरांना विपुल मिळतात, त्यांच्यासाठी कोणी जास्त मागितलं तर पुढे चला. पैसे मोजावेत ते नाव, काळ आणि अवस्था तिन्ही जुळली तर. नवा कोरा फासा घेऊन त्यावर जुन्या कॅसिनोचं नाव उठवणं अवघड नाही, आणि जितकं नाव मोठं तितका तो मोह मोठा. भिंगातून नावाच्या अक्षरांकडे पाहा. कडा वापराने बोथट, पृष्ठभागावर ओरखडे, आणि नाव मात्र काल छापल्यासारखं तजेलदार, असं असेल तर काहीतरी खटकायला हवं. खरा ओरखडा नावावरूनही जातो. कॅसिनोच्या वस्तू जमवणाऱ्यांची अमेरिकेतली संघटना १९८८ पासून आहे. ती मुळात चिप्सची, पण तिथल्या जाणत्यांना नाव आणि नंबर वाचता येतात, त्यामुळे महागाची खरेदी करण्याआधी कोणाला तरी दाखवावं.

घरी आणल्यावर पहिला नियम: सेल्युलॉइड वेगळं. त्याचा वायू शेजारच्या फाशांना आणि धातूच्या वस्तूंना खातो, म्हणून चिप्सच्या पितळी कड्यांच्या डब्यात ते ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकची डबी नीटनेटकी दिसते, पण वायू आतच कोंडतो आणि फासा लवकर जातो. आम्लमुक्त कागदात सैल गुंडाळून, हवा खेळेल अशा खोक्यात, थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावं. दिव्याखाली मांडलेला लाल फासा माणकासारखा चमकतो खरा, पण ऊन आणि उष्णता दोन्ही त्याच्या मुळावर येतात. कुठून मिळाला, कधी, कितीला, त्याच्याबरोबर आणखी काय पडलं होतं, हे पेन्सिलने चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवा. फाशावर काही चिकटवू नका.

आणि सहाही बाजूंचे फोटो आणल्या दिवशीच काढा, नंबर वाचता येईल इतक्या जवळून. सेल्युलॉइडचे तर दरवर्षी काढा. पोटात पहिली भेग कधी दिसली ते त्यावरूनच कळतं, आणि ती दिसली की तो फासा इतरांतून उचलून वेगळ्या खोक्यात टाकायला उशीर करू नका.